ज्वारीचं बियाणं खुलं ठेवताना : मंगळवेढा तालुक्यातलं एक प्रकरण

मंगळवेढा तालुक्यातल्या एका कोरडवाहू गावातल्या शेतकरी गटापुढे काही वर्षांपूर्वी एक करारनामा आला. गटातल्या एका जोडप्यानं हुरड्याच्या ज्वारीचं एक वाण निवडीतून तयार केलं होतं आणि बियाण्याच्या धंद्यातल्या एका मध्यस्थाला ते हवं होतं. पैसे एकरकमी मिळणार होते, आणि रक्कम कोरडवाहू घराला मोह पडावा अशीच होती. करारात मजकूर पुष्कळ होता, पण खरं वजन एका वाक्यात होतं: यापुढे हे बियाणं गटानं किंवा गटातल्या कुणीही तिसऱ्या माणसाला देऊ नये, विकू नये, त्यातून दुसरं वाण काढू नये.

गटानं सही केली नाही. उलट बियाणं सगळ्यांना खुलं केलं आणि ते पुढेही खुलंच राहावं म्हणून एक अट घातली. हा निर्णय कसा झाला, कायद्याचा त्याला किती आधार मिळाला आणि नंतर शेतात काय घडलं, याची ही नोंद आहे. बैठकांना मी हजर होतो. कागद वाचून समजावून सांगणं हे माझं काम होतं. गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. आप्पा, काकू, गटाचे अध्यक्ष नाना आणि काकूंचा पुतण्या, एवढ्या ओळखीवर भागेल.

वाण कुठून आलं

काकूंचं माहेर बार्शीकडचं. लग्नानंतर पहिल्या काही वर्षांतच त्यांनी माहेराहून कुचकुची ज्वारीचं मापटंभर बी आणलं होतं. कुचकुची, गुळभेंडी, सुरती ही आपल्याकडची हुरड्याची जुनी वाणं. त्यांचा दाणा कोवळेपणी गुळचट लागतो आणि आगटीत भाजलेलं कणीस हातावर चोळलं की तुसातून सहज सुटतो. भाकरीला ती फारशी कामाची नाहीत आणि कडबाही बेताचाच. म्हणून लोक बांधाच्या कडेनं चार-दोन ओळी पेरतात, येळवशीला (वेळा अमावास्येला) खातात, पाहुण्यांना खाऊ घालतात, बाकी सगळं रान मालदांडीचं.

त्या शेजारातूनच हे वाण निघालं. ज्वारीचं परागीभवन बहुतांशी त्याच कणसात होतं, पण साधारण पाच ते पंधरा टक्के दाण्यांत शेजारच्या ताटाचे पराग येतात. काकूंच्या कुचकुचीत कधीतरी मालदांडी मिसळली. पुढच्या हंगामात त्या ओळींत काही ताटं उंच, जाड धाटाची आणि हिरव्यागार पानांची निघाली, आणि त्यातल्या मोजक्याच कणसांचा हुरडा मात्र कुचकुचीसारखा गोड होता. काकूंनी ती कणसं चिंध्या बांधून बाजूला ठेवली. आप्पांनी ती वेगळी पेरली, एका कणसाची एक ओळ. नंतर कृषी पदविका झालेल्या पुतण्यानं फुलोऱ्याआधी कणसांना कागदी पिशव्या बांधायला शिकवलं, म्हणजे बाहेरचे पराग येत नाहीत. असं स्वपरागीभवन करत गेलं की दर पिढीला आतला सरमिसळपणा साधारण निम्म्यानं घटतो. सहा-सात पिढ्यांनंतर ओळ बऱ्यापैकी एकसारखी दिसायला लागते.

हुरडा गोड, कडबा मालदांडीच्या जवळपास. दुभती जनावरं असलेल्या घराला याहून जास्त काय हवं असतं? गावात त्याला 'काकूची ज्वारी' म्हणायला लागले. हमरस्त्यांवर हुरडा पार्ट्यांचा धंदा वाढल्यावर ते बाहेरच्यांच्याही नजरेत आलं.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. गटाच्या वहीत पहिली नोंद झाली तेव्हा 'वाण कुणी तयार केलं' या रकान्यात फक्त आप्पांचं नाव होतं. सातबाऱ्यावर नाव त्यांचं, म्हणून वाणावरही त्यांचंच. अख्खं गाव ज्याला काकूची ज्वारी म्हणतं, त्याच्या कागदावर काकू नाहीत! आप्पांनीच ते लक्षात आणून दिलं आणि दोघांची नावं लिहायला लावली. बियाणं निवडण्याचं काम आपल्याकडे बहुतेक घरांत बायकाच करतात. वाणांच्या नोंदी तपासताना हा रकाना पहिल्यांदा बघावा, असं माझं ठाम मत झालं आहे.

सोलापूर जिल्ह्यातल्याच तीन वाटा

बैठकीत पहिल्या दिवशी नानांनी विचारलं, "आपल्याआधी अशी येळ कुणावर आली असंल की न्हाई? त्यांनी काय केलं?" उत्तरासाठी लांब जावं लागलं नाही.

पहिलं उदाहरण प्रत्येकाच्या घरात होतं. आपण जिला मालदांडी म्हणतो ती एम 35-1 ही मोहोळच्या संशोधन केंद्रात 1930 च्या दशकात स्थानिक मालदांडीतूनच निवडलेली. शेतकऱ्यांच्या शिवारातून कणसं गेली, सरकारी केंद्रात निवड झाली आणि वाण परत शिवारात आलं. त्यावर मालकी कुणी सांगितली नाही. इतक्या वर्षांत कितीतरी सुधारित वाणं आली, तरी रब्बीत मालदांडी टिकून आहे, आणि पुढच्या अनेक वाणांच्या पैदाशीत तिचा उपयोग झाला आहे. हा सगळा व्यवहार सार्वजनिक पैशावर आणि सार्वजनिक विश्वासावर चालला.

दुसरं उदाहरण नान्नजचं. उत्तर सोलापूर तालुक्यातल्या या गावात नानासाहेब काळे यांनी आपल्या द्राक्षबागेतल्या वेगळ्या वेली हेरून 'सोनाका' आणि 'शरद सीडलेस' ही वाणं पुढे आणली. द्राक्ष लावायला बी लागत नाही, काडी पुरते. काड्या हातोहात गेल्या आणि ही नावं महाराष्ट्राबाहेरच्या द्राक्षशेतीतही रुजली.

तिसरं उदाहरण याच्या उलट वाटेचं. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याचे नवनाथ कसपटे यांनी सीताफळाचं 'एनएमके-01 गोल्डन' हे वाण तयार केलं आणि वाण संरक्षण कायद्याखाली त्याची नोंदणी करून घेतली. कलमं तयार करण्याचा आणि विकण्याचा हक्क त्यांच्याकडे राहिला. यात गैर काही नाही. वर्षानुवर्षं स्वतःच्या पैशानं प्रयोग करणाऱ्याला त्याचं मोल मिळालं पाहिजे. फळझाडाच्या रोपवाटिकेत ते मिळण्याची सोयही असते, कारण शेतकरी कलम एकदा घेतो आणि बाग वर्षानुवर्षं चालते. ज्वारीचं बी मात्र दर घरात दर वर्षी आपोआप तयार होतं. त्याच्यावर पहारा ठेवायचा तर शेजाऱ्यावरच ठेवावा लागेल.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे, आणि गटातल्या काहींना वाटत होतं की मग आपलं वाण आपोआप सुरक्षित आहे. तसं नाही. मानांकन नावाचं आणि मुलखाचं रक्षण करतं. दुसरीकडे पिकवलेली ज्वारी 'मंगळवेढ्याची' म्हणून विकायला ते बंदी करतं. बियाणं नेऊन दुसरीकडे पेरायला किंवा त्यातून संकरित वाण काढायला त्याची आडकाठी नाही.

आणखी एक नाव बैठकीत निघालं, विदर्भातलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी 1980 च्या दशकात आपल्या भातशेतीतल्या वेगळ्या लोंब्या निवडून एचएमटी हे तांदळाचं वाण तयार केलं. त्यांनी ते मुक्तहस्ते दिलं. पुढे 1998 मध्ये कृषी विद्यापीठाकडून 'पीकेव्ही-एचएमटी' या नावानं वाण प्रसारित झालं आणि श्रेय कुणाचं हा वाद उभा राहिला. 2018 मध्ये दादाजी गेले. त्यांचा तांदूळ देशभर खाल्ला जातो, पण त्यांच्या हयातीतली हलाखी सगळ्यांनी वर्तमानपत्रांत वाचलेली होती. पुतण्या म्हणाला, "फुकट वाटलं की असं होतं." बैठकीत बराच वेळ कुणी बोललं नाही. त्याच्या म्हणण्याला उत्तर देणं भागच होतं.

कायदा कुठपर्यंत सोबत करतो

आपल्याकडे बियाण्यावर पेटंट मिळत नाही. पेटंट कायद्याच्या कलम 3 मधल्या 'जे' (j) पोटकलमानं वनस्पती, बियाणं आणि वाण पेटंटबाहेर ठेवले आहेत. त्याऐवजी 2001 चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे. या कायद्याचं कलम 39 प्रत्येक शेतकरी गटानं भिंतीवर लिहून ठेवावं, इतकं मोलाचं आहे. नोंदणी झालेल्या वाणाचंसुद्धा बियाणं शेतकरी राखू शकतो, पेरू शकतो, अदलाबदल करू शकतो, देऊ शकतो, विकू शकतो. एकच बंदी आहे: संरक्षित वाणाचं नाव लावलेल्या पाकिटात ते विकता येत नाही.

2019 मध्ये गुजरातच्या बटाटा उत्पादकांवर पेप्सिको कंपनीनं एफएल 2027 या वाणावरून कोट्यवधींच्या भरपाईचे दावे लावले, तेव्हा याच कलमाचा आधार घेऊन शेतकरी संघटना उभ्या राहिल्या. कंपनीनं दावे मागे घेतले. वाणाच्या नोंदणीचा वाद त्यानंतरही दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत चालला.

1966 च्या बियाणे कायद्याचं कलम 24 ही दुसरी ढाल. शेतकऱ्यानं स्वतः पिकवलेलं बियाणं आपल्याच जागेवरून थेट दुसऱ्या शेतकऱ्याला पेरणीसाठी दिलं किंवा विकलं, तर तो कायदा त्याला लागू होत नाही. बाजारात दुकान मांडायचं तर 1983 च्या बियाणे नियंत्रण आदेशाखाली परवाना लागतो. म्हणजे आप्पांच्या ओसरीवरून होणारी विक्री कायद्यात बसते.

मग अडचण कुठे आहे? शेतकऱ्यानं शेतकऱ्याला देण्यात काहीच अडचण नाही. अडचण पुढच्या पायरीवर येते. कलम 30 नुसार कुणीही संशोधक एखादं वाण नव्या वाणासाठी सुरुवातीचं साहित्य म्हणून वापरू शकतो. हे चांगलंच आहे. पैदाशीची वाट बंद झाली तर शेतीच अडून बसेल. पण खुल्या वाणापासून तयार झालेलं नवं वाण नोंदवून, बंद करून विकायलाही तो मोकळा असतो. पिकांसाठी हे संरक्षण 15 वर्षांचं असतं. आणि संकरित वाण काढलं तर कायद्याचीही गरज उरत नाही, कारण त्याचं बी दुसऱ्या वर्षी पेरून तसं पीक येत नाही. म्हणजे काकूंच्या माहेरचं बी फिरून काकूंकडेच पाकिटातून यायचं, आणि दर वर्षी विकत घ्यायचं.

सॉफ्टवेअरवाल्यांची युक्ती

हा पेच शेतीआधी संगणकाच्या क्षेत्रात सुटला होता. स्वतः लिहिलेलं सॉफ्टवेअर सगळ्यांना मोकळं द्यायचं, पण ते घेऊन कुणी बंद करू नये, यासाठी रिचर्ड स्टॉलमन यांनी 1989 मध्ये जीपीएल हा परवाना आणला. वापरा, बदला, विका. मात्र बदललेलंही याच अटीवर पुढे द्या. घेवड्याचे पैदासकार टॉम मायकेल्स यांनी 1999 मध्ये हीच कल्पना बियाण्यांसाठी मांडली. 2012 मध्ये अमेरिकेत 'ओपन सोर्स सीड इनिशिएटिव्ह' सुरू झालं. जॅक क्लोपेनबर्ग हे समाजशास्त्रज्ञ आणि अर्विन गोल्डमन हे गाजराचे पैदासकार त्यातले आघाडीचे. 2014 च्या एप्रिलमध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात त्यांनी तीन डझन वाणं खुली केली.

त्यांचा अनुभव आमच्या कामाचा ठरला. आधी त्यांनी वकिलांकडून रीतसर परवाना लिहून घेतला. तो इतका लांबलचक झाला की बियाण्याच्या पाकिटावर मावेना आणि शेतकऱ्याला कळेना. शेवटी त्यांनी तो सोडून दोन-तीन वाक्यांची शपथ छापायला सुरुवात केली. जर्मनीत 2017 मध्ये 'ओपन सोर्स सीड्स'नं उलट निर्णय घेतला: कायदेशीर परवानाच ठेवला आणि 'सनव्हिवा' या टोमॅटोपासून सुरुवात केली. आपल्या जवळ, हैदराबादच्या सेंटर फॉर सस्टेनेबल ॲग्रिकल्चर या संस्थेनंही खुल्या बियाण्यांसाठी काम केलं आहे.

सॉफ्टवेअर आणि बियाणं यांत एक मूलभूत फरक आहे आणि तो लपवून चालणार नाही. कोड लिहिताक्षणी त्यावर लेखकाचा कॉपीराइट तयार होतो, आणि परवान्याची ताकद त्या कॉपीराइटमधून येते. बियाणं निवडणाऱ्याला असा हक्क आपोआप मिळत नाही. शपथ मान्य करून पिशवी घेणाऱ्यावर ती करारासारखी बंधनकारक आहे असं म्हणता येईल. पण त्याच्याकडून शपथेच्या चिठ्ठीविना घेणाऱ्या तिसऱ्या माणसाला कोर्टात कसं धरणार?

बैठकीतले तीन वाद

हे सगळं गटापुढे मांडलं तेव्हा नानांनी ते आपल्या पद्धतीनं समजावून घेतलं. मंगळवेढ्यात वाढलेल्या माणसाला दामाजीपंतांची गोष्ट सांगावी लागत नाही. दुष्काळात बादशहाचं कोठार त्यांनी भुकेल्यांना खुलं केलं. नाना म्हणाले, "म्हंजी कोठार उघडायचं, पण नेणाऱ्याला सांगायचं की तुझ्या कणगीला कुलूप लावू नको." याहून नेमकं मला कधी सांगता आलेलं नाही.

पहिला वाद विक्रीवर झाला. बऱ्याच जणांचं म्हणणं होतं की बियाणं वाटायचं पण विकायला मनाई करायची, म्हणजे व्यापारी लांब राहतील. मी त्याला विरोध केला आणि आजही करीन. विक्रीला मनाई केली तर लांबच्या तालुक्यातला शेतकरी हे बी मिळवणार कसं? बियाणं तयार करायला मजुरी लागते, पिशवी लागते, गाडीभाडं लागतं. जो हे काम नीट करील त्याला चार पैसे मिळायलाच हवेत. खुलेपणाचा कस विक्रीत लागत नाही, दुसऱ्याला अडवण्यात लागतो. शेवटी एवढंच ठरलं: विका, पण पिशवीतली शपथेची चिठ्ठी काढून टाकून विकू नका.

दुसरा वाद पुतण्याचा, पैशाचा, आणि तो सगळ्यात खरा होता. मध्यस्थाची रक्कम नाकारली तर घराला काय मिळणार? त्यावर गटानं काढलेली तोड अशी. बियाणं कुणीही करावं. पण दर वर्षी पिशव्या बांधून, भेसळ काढून राखलेलं मूळ बियाणं आप्पा-काकूंच्या प्लॉटमधलंच असेल आणि ते ज्वारीच्या बाजारभावाच्या दुप्पट दरानं जाईल. ज्याच्याकडे रोख नाही त्यानं घेतलं त्याच्या दीडपट मळणीनंतर परत करायचं. ही रक्कम करारातल्या रकमेच्या जवळपासही जात नाही, हे मी स्पष्ट सांगितलं. पुतण्याचं पूर्ण समाधान झालं नाही. त्याच्या जागी मी असतो तर माझंही झालं नसतं.

निर्णय झाला तो काकूंच्या बोलण्यानं. त्या बैठकीत क्वचितच बोलत. त्या दिवशी म्हणाल्या, "माझ्या आईनं बी बांधून दिलं तवा माझी सही घेतली न्हवती. आता मी माझ्या लेकीला द्यायचं न्हाई म्हणून सही करू व्हय?" आप्पांनी करारनामा घडी करून नानांकडे दिला.

तिसरा वाद नोंदणीचा होता. शपथेची कायदेशीर बाजू लंगडी आहे, तर मग वाण 'शेतकऱ्यांचं वाण' म्हणून गटाच्या नावावर नोंदवावं, आणि त्या हक्काचा उपयोग कुणाला अडवण्याऐवजी खुलेपणा राखायला करावा, असा प्रस्ताव मी ठेवला. कॉपीराइटचं काम इथे नोंदणी करील. शेतकऱ्यांना नोंदणीला फी नाही. वेगळेपणा, एकसारखेपणा आणि स्थिरता यांची चाचणी मात्र द्यावी लागते, आणि काकूच्या ज्वारीत अजून उंचीचा फरक दिसत होता. घाई केली असती तर अर्ज फेटाळला जाण्याचा धोका होता. दिलासा एवढाच की शेतकऱ्यांच्या वाणाला 'आधी विकलेलं नसावं' ही नावीन्याची अट लागत नाही. त्यामुळे आज वाटप केल्यानं उद्याची नोंदणी बंद होत नाही. ठरलं असं की आधी शपथ आणि नोंद, मग निवड पक्की करून अर्ज.

नोंदीसाठी ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीची लोक जैवविविधता नोंदवही वापरली. 2002 च्या जैवविविधता कायद्यानं अशा समित्या गावोगाव कागदावर आहेत. त्यांची वही उघडायला लावणं हे सदस्यांच्या हातात आहे. वाणाचं वर्णन, कणसाचे फोटो, मूळ बी कुठून आलं, निवड कुणी केली, कुठल्या हंगामापासून पेरतात, हे सगळं तारखेसह लिहून सरपंच आणि ग्रामसेवकांच्या सह्या घेतल्या. उद्या कुणी हेच वाण आपलं म्हणून पुढे केलं तर ते आधीपासून लोकांत होतं याचा हा पुरावा.

पिशवीतली चिठ्ठी गटानं अशी लिहिली: "हे बी पेरा, खा, विका, वाटा, यातून नवं वाण काढा. कुणाला विचारायची गरज नाही. मात्र हे बी किंवा यातून काढलेलं वाण वापरायला दुसऱ्या कुणाला अडवू नका, आणि पुढे देताना ही चिठ्ठी सोबत द्या." खाली आप्पा आणि काकू या दोघांची नावं आणि गावाचं नाव.

शेतात काय झालं

खुल्या बियाण्यावर बोलणारी बहुतेक माणसं इथे थांबतात. वाण खुलं झालं, शपथ छापली, काम झालं. प्रत्यक्षात काम इथून सुरू झालं.

पहिल्या मोठ्या वाटपानंतरच्या हंगामात जे बी परत आलं त्यातलं बरंचसं मिसळलेलं होतं. लोकांनी ते मालदांडीच्या रानातच चार ओळी करून पेरलं होतं, नेहमीच्या सवयीनं. या वाणाचा दाणा पक्व होऊन वाळला की सुरकुततो. ज्या दाण्यात मालदांडीचे पराग आले तो त्याच कणसात टपोरा दिसतो. गटातल्या बायकांनी परत आलेलं बी सुपात घेऊन बसल्या बसल्या कुठल्या घरचं बी शुद्ध आणि कुठल्या घरचं मिसळलेलं हे वेगळं करून दाखवलं. प्रयोगशाळेची गरज पडली नाही, पण परत आलेल्या बियाण्यातलं बरंचसं धान्यात जमा करावं लागलं.

पिशवीवर वाणाचं नाव तेच, आत मात्र भलतंच, असं दोन-तीन वर्षं चाललं असतं तर नावाला काहीच अर्थ उरला नसता. सॉफ्टवेअरची मूळ प्रत कुठेतरी जशीच्या तशी राहते. बियाण्याची मूळ प्रत दर हंगामात शेतात नव्यानं तयार करावी लागते आणि दर हंगामात ती बिघडू शकते. म्हणून ते राखणारं घर, राखण्याची पद्धत आणि त्यासाठीचा पैसा, या तिन्हींची सोय शपथेइतकीच आवश्यक आहे. बियाणे प्रमाणीकरणाच्या मानकांनुसार ज्वारीच्या पायाभूत बियाण्यासाठी दुसऱ्या ज्वारीपासून 200 मीटरचं अंतर लागतं, प्रमाणित बियाण्यासाठी 100 मीटर. तुकड्या-तुकड्यांच्या जमिनीत 200 मीटर म्हणजे तीन-चार भावकींची रानं.

मग गटानं वाटपाची पद्धत बदलली. बी मागायला येणाऱ्याला आता पिशवीसोबत अर्धा तास बसवून घेतात. खाण्यापुरतं पेरायचं असेल तर कुठेही पेरा. बी धरायचं असेल तर रानाच्या मधोमध मोठा चौक करून पेरा, कडेच्या ओळी खाऊन टाका, मधल्या ताटांना फुलोऱ्याआधी पिशव्या बांधा, आणि किमान शंभरभर कणसांतून बी घ्या, कारण एक-दोन कणसांवर वाण अरुंद होत जातं. काणी रोग येऊ नये म्हणून पेरणीआधी किलोला चार ग्रॅम गंधक चोळा. परत आलेलं बी आधी सुपात बघितलं जातं, मगच वहीत जमा होतं.

चिठ्ठीचं काय झालं? गावाच्या आसपास ती टिकली. पुढे ती गळते. सांगोल्याकडे आणि सीमेपलीकडे विजापूरकडे बी पोचल्याचं कळलं, आणि तिथे त्याला वेगळीच नावं पडली आहेत. पुतण्याला याचा राग येतो. मला तितकासा येत नाही. शेतकऱ्याकडून शेतकऱ्याकडे जाताना चिठ्ठी हरवली तरी बी खुलंच राहतं. चिठ्ठी हवी ती बी धंद्यात शिरतं त्या दारावर.

त्या दारावरचा प्रसंगही आला. तोच मध्यस्थ पुन्हा आला आणि आता खुलं आहेच तर पाच-सहा पिशव्या द्या, चिठ्ठी मात्र नको म्हणाला. नानांनी चिठ्ठी असलेल्या पिशव्या पुढे केल्या. बरीच घासाघीस झाली. त्यानं शेवटी एकच पिशवी घेतली, चिठ्ठीसकट, आणि वहीत सही केली. त्या बियाण्यातून उद्या कुठल्या कंपनीच्या प्लॉटवर काय तयार होईल हे तपासण्याचं साधन गटाकडे नाही. त्याची सही आणि तारीख मात्र वहीत आहे.

पुतण्या आता स्वतःच निवडीला लागला आहे. त्यानं काकूच्या ज्वारीतून बुटकी, लवकर येणारी ओळ धरली आहे, पाऊस लवकर उघडला तरी हुरड्याला येईल अशी. तिच्यावरही तीच शपथ लागू होते, आणि हे त्यानं आपण होऊन वहीत लिहिलं.

नोंदणीचा अर्ज अजून भरलेला नाही. उंचीतला फरक बराच कमी झालाय, तरी काकूंना अजून एक हंगाम हवा आहे. यंदाच्या रब्बीत मूळ प्लॉटच्या चहूबाजूंच्या बांधकऱ्यांनी ज्वारीऐवजी हरभरा आणि करडई पेरायचं कबूल केलं आहे. त्यांच्या जनावरांना कमी पडणारा कडबा गट आपल्या गंजीतून देणार आहे, आणि किती पेंढ्या द्यायच्या याचा हिशोब नानांनी पेरणीआधीच लिहून घेतला आहे.